बायबॅक केला म्हणून शेअर महाग होत नाही

चाटी गल्लीत गिऱ्हाईक नसलं की शेअरच्या गप्पा रंगतात, आणि एक समज तिथे वर्षानुवर्षं फिरतोय: कंपनीने बायबॅक केला, म्हणजे स्वतःचेच शेअर भागधारकांकडून परत विकत घेतले, की शेअर कमी होतात, म्हणून उरलेल्यांचा भाव वाढणारच.

हिशेब मांडून बघा. कंपनीचे शेअर 100, धंद्याची किंमत 9,000 रुपये, शिवाय रोकड 1,000. म्हणजे एक शेअर 100 रुपयांचा. रोकड देऊन 10 शेअर परत घेतले, तर उरले 90 शेअर आणि 9,000 रुपये. भाव पुन्हा 100च! शेअर घटले, तशी रोकडही गेली. तीच रोकड लाभांश म्हणून, म्हणजे भागधारकांना थेट वाटून दिली असती, तर शेअर 90चा आणि प्रत्येक शेअरमागे हातात 10. तेच पैसे 125च्या भावाने बायबॅकवर घातले, तर फक्त 8 शेअर येतात आणि न विकणाऱ्याचा शेअर 98च्याही खाली जातो. हे कुणी सांगत नाही, याचं मला वाईट वाटतं.

मग लाभांश की बायबॅक, हे कंपनी निवडते कशी? लाभांश एकदा सुरू केला की लोक दरवर्षी वाट बघतात. कमी केला की बोभाटा होतो. बायबॅकला ते बंधन नाही. टीसीएसने 2017 मध्ये 16,000 कोटींचा बायबॅक केला, लाभांशही चालू ठेवला. शेअर स्वस्त वाटत असेल तरच बायबॅक शोभतो. करांचे नियमही पारडं फिरवतात: लाभांशाचे 2020 मध्ये बदलले, बायबॅकचे ऑक्टोबर 2024 मध्ये.