पंखा काढून टाकायचा हट्ट तसा जुनाच आहे

आधी एक खुलासा. आपल्याकडे सीपीयू म्हटलं की टेबलाखालचा अख्खा डबा, पण इथे सीपीयू म्हणजे आतली चिप, प्रोसेसर. तिच्या डोक्यावर जो छोटा पंखा घुंघुं करत बसलेला असतो तो काढून टाकायचा आणि तरी घरचा पीसी चालवायचा, हा हल्ली काही लोकांचा छंद झालाय. गंमत अशी की सुरुवातीला तो पंखा नव्हताच.

१९८१ चा आयबीएम पीसी घ्या. त्यातली ८०८८ चिप ४.७७ मेगाहर्ट्झवर चालायची, तिच्यावर पंखा सोडा, साधा हीटसिंकही (चिपची उष्णता हवेत सोडणारा धातूचा पत्रेवाला ठोकळा) नव्हता, आवाज यायचा तो पॉवर सप्लायच्या पंख्याचा. झेडएक्स स्पेक्ट्रम, कमोडोर ६४ वगैरे कीबोर्डच्या पोटातच मावणारे घरगुती कॉम्प्युटर तर पूर्ण मुके.

पण पंखा नको हा हट्ट म्हणून खऱ्या अर्थाने धरला तो ॲपलने, म्हणजे स्टीव्ह जॉब्सने. १९७७ च्या ॲपल टू मध्ये पंखा नको म्हणून ॲपलच्या रॉड हॉल्ट या इंजिनियरने स्विचिंग पद्धतीचा पॉवर सप्लाय बनवला, कारण जुन्या पद्धतीचा सप्लाय बरीचशी वीज नुसता तापण्यातच घालवायचा. (मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, कॉम्प्युटरच्या सुट्या भागांच्या बाजारात, आपण ‘एसएमपीएस दाखवा’ म्हणतो त्यातला ‘एसएम’ म्हणजे हेच स्विचिंग.) ते जमलं. मग १९८० ला ॲपल थ्री आला, पुन्हा पंखा नाही, उष्णता ॲल्युमिनियमच्या जाड बुडातून बाहेर जाईल असा हिशोब, आणि मशीनं बंद पडायला लागली. बोर्डावरच्या चिपा सॉकेटमधून सैल व्हायच्या आणि कंपनीच ग्राहकांना सांगायची की मशीन दोन-तीन इंच उचला आणि टेबलावर आपटा! सुरुवातीची १४ हजार मशीनं बदलून द्यावी लागली. दोष उष्णतेचा की बोर्डाच्या बांधणीचा यावर तेव्हाच्या मंडळींचंच एकमत नाही, पण बिनपंख्याची बदनामी व्हायची ती झाली. तरी १९८४ चा मॅकिंटॉश परत पंख्याशिवायच, लोकांनी त्याला टोस्टर नाव ठेवलं, बाहेरच्या कंपन्या त्याच्या डोक्यावर बसवायचे पंखे विकायला लागल्या. १९८५ ला जॉब्स बाहेर पडला आणि १९८७ च्या मॅक एसई मध्ये पंखा आला. जॉब्स परत आल्यावर २००० मध्ये जी-फोर क्यूब, आणि त्यात पुन्हा पंखा गायब. माणूस बदलत नाही.

इकडे पीसीच्या जगात इंटेलच्या ४८६ चिपपर्यंत बरं चाललं होतं, तिची डीएक्सटू वगैरे वेगवान रूपं आल्यावर हीटसिंक आणि छोटे पंखे दिसायला लागले, आणि १९९३ च्या पहिल्या पेंटियमपासून पंखा गृहीतच धरला जाऊ लागला. कारण साधं आहे. चिपची वीज ढोबळमानाने फ्रिक्वेन्सी (म्हणजे मेगाहर्ट्झमधला वेग) गुणिले व्होल्टेजचा वर्ग या हिशोबाने वाढते, आणि कंपन्यांची शर्यत तर मेगाहर्ट्झचीच, जाहिरातीत आकडा मोठा पाहिजे. आधी ट्रान्झिस्टर बारीक झाला की व्होल्टेजही उतरायचं म्हणून भागायचं, पण पुढे बारीक ट्रान्झिस्टरमधून करंट गळायला लागला आणि व्होल्टेज हवं तसं उतरेना. २००१ मध्ये एक व्हिडिओ गाजला होता, चालू मशीनवरचा हीटसिंक काढला तर इंटेलचा पेंटियम फोर स्वतःचा वेग कमी करून तगला आणि प्रतिस्पर्धी एएमडीच्या ॲथलॉनचा धूर निघाला. पण तापण्यात इंटेलही मागे नव्हती, पेंटियम फोरच्या २००४ च्या प्रेस्कॉट पिढीतल्या वरच्या चिपा ११५ वॅटपर्यंत गेल्या. म्हणजे खोलीत शंभरचा बल्ब लावून ठेवल्यासारखंच, फक्त उजेड नाही, आणि आवाज हेअर ड्रायरचा. त्याच वर्षी इंटेलने पुढची टेजास चिप रद्द केली, ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम फोरही रद्द केला आणि सीईओ क्रेग बॅरेटनी एका परिषदेत स्टेजवर गुडघे टेकून माफी मागितली.

शांततावाल्यांची सोय मात्र आडवाटेने होत होती. तैवानच्या व्हीआयएने १७ बाय १७ सेंटीमीटरचा मिनी-आयटीएक्स बोर्ड काढला, त्यावरची ईडन चिप ५३३ मेगाहर्ट्झची आणि नुसत्या हीटसिंकवर चालणारी. वेगात मार खायची पण गाणी ऐकायला, मेल बघायला चालून जायचं. मग लॅपटॉपसाठी बनलेला पेंटियम एम आला, त्याची भूक इतकी कमी की असूसने तो डेस्कटॉप बोर्डावर बसवायला ॲडॅप्टर काढला. आणि २००८ चा ॲटम २३० तर फक्त ४ वॅटचा, पण त्याच्या शेजारचा चिपसेट (प्रोसेसरला मेमरी वगैरेशी जोडणारी चिप) २२ वॅटचा, त्यामुळे इंटेलच्याच बोर्डावर प्रोसेसर बिनपंख्याचा आणि पंखा चिपसेटवर, असा उलटा कारभार!

दुसरी बाजू हीट पाइपची. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हरने ज्यावर काम केलं तीच ही नळी, आत थोडंसं पाणी, गरम टोकाला त्याची वाफ होते, थंड टोकाला परत पाणी होऊन आतल्या जाळीतून माघारी येतं. यामुळे उष्णता चिपपासून लांब, मोठ्या पत्र्यांपर्यंत नेता येते, कोरियाच्या झालमनने तर अख्खं कॅबिनेटच हीटसिंक करून विकलं. २०२१ चा नॉक्टुआ कंपनीचा एनएच-पी१ नुसता हीटसिंक आहे तरी वजन १ किलो १८० ग्रॅम. त्याचे पत्रे एकमेकांपासून दूर दूर आणि जाड, कारण पंखा नसला की हवा स्वतःच्या गरमीने हळूहळू वर सरकते, दाट पत्र्यांत ती अडकते. म्हणून प्रोसेसरबरोबर येणाऱ्या स्टॉक कूलरचा पंखा उपटून उरलेल्या ॲल्युमिनियमवर भागवणं म्हणजे शुद्ध वेडेपणा, मी केलाय, १० मिनिटांत मशीन बंद.

त्यापेक्षा फुकटचा उपाय व्होल्टेजचा. १.३ व्होल्टचं १.१ केलं की वर्गाच्या हिशोबाने वीज २८ टक्के खाली, वर वेगही ३ गिगाहर्ट्झचा २.४ केला तर जवळपास ४३ टक्के. चिप तेवढ्या व्होल्टेजला टिकते का हे बघत बघत उतरायचं, बस्स.

आपल्याकडचा खरा घोळ मे महिन्याचा. हीटसिंक खोलीपेक्षा किती अंश वर राहील एवढंच ठरवतो, त्यामुळे २२ अंशाच्या खोलीत ७० वर राहणारी चिप ४२ च्या खोलीत नव्वदीला टेकते. मग आपण डोक्यावरचा सीलिंग फॅन पाचवर करतो, चिपलाही थोडा वारा लागतो, आणि त्या घरघरीत बसून कॅबिनेटच्या पंख्याला नावं ठेवतो.

आता इंटेलच्या ६ वॅटच्या एन१०० चिपवाले डबे मिळतात, एम१ मॅकबुक एअरमध्येही पंखा नाही, हार्ड डिस्कची खरखर एसएसडीने घालवली. एवढं सगळं गप्प झाल्यावर रात्री पहिल्यांदा ऐकू येते ती बोर्डावरच्या कॉइलची बारीक किरकिर, आणि तिच्यावर हीटसिंक लावून काही होत नाही.