एनरॉन कोसळण्याआधीची दहा वर्षे

२ डिसेंबर २००१ रोजी एनरॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला, तेव्हा ती अमेरिकेच्या इतिहासातील तोवरची सर्वांत मोठी दिवाळखोरी ठरली. दाभोळच्या वीजप्रकल्पामुळे महाराष्ट्राला हे नाव आधीपासून परिचित होते. ह्यूस्टनच्या मुख्यालयातील हिशेबांची तऱ्हा मात्र तेव्हाच चव्हाट्यावर आली. या प्रकरणाचा दोष दोन-तीन लबाड अधिकाऱ्यांवर टाकून मोकळे होणे सोयीचे आहे, पण ज्या वाटांनी हा गैरव्यवहार झाला, त्यांतील बऱ्याच वाटा आधीच्या दशकात नियामक संस्थांनी आणि लोकप्रतिनिधींनीच मोकळ्या करून दिल्या होत्या.

१९८५ मध्ये दोन वायूवाहिनी कंपन्यांच्या विलीनीकरणातून एनरॉन उभी राहिली आणि केनेथ ले तिचे प्रमुख झाले. १९९० मध्ये आलेल्या जेफ्री स्किलिंग यांनी वायूच्या दीर्घ मुदतीच्या करारांसाठी चालू बाजारमूल्यावर आधारित हिशेबपद्धतीचा आग्रह धरला आणि जानेवारी १९९२ मध्ये अमेरिकेच्या भांडवली बाजाराच्या नियामकाने, म्हणजे सेकने, तिला मान्यता दिली. या पद्धतीत करारातून पुढील अनेक वर्षांत मिळेल असा अंदाज असलेला नफा करार झाल्या झाल्या जमा दाखवता येतो. ज्या मालाचे भाव रोज जाहीर होतात, त्याच्या बाबतीत हे समजू शकते. पण जिथे बाजारभावच नाही, तिथे भविष्यातील किंमत कंपनीच ठरवणार आणि नफाही तीच मांडणार. जुलै २००० मध्ये एनरॉनने ब्लॉकबस्टर कंपनीशी घरोघरी चित्रपट पोहोचवण्याचा वीस वर्षांचा करार केला. प्रयोग मोजक्या शहरांपलीकडे गेला नाही, ग्राहकांकडून मिळकत जवळजवळ शून्य होती, तरीही सुमारे ११ कोटी डॉलरचा नफा हिशेबात धरला गेला. मार्च २००१ मध्ये करार मोडला.

कागदावरच्या नफ्यातून रोकड येत नाही, म्हणून कर्ज वाढत गेले आणि ते ताळेबंदाबाहेर ठेवण्यासाठी भागीदारी संस्थांचे जाळे विणले गेले. त्यांतील काही संस्था वित्तप्रमुख अँड्र्यू फास्टो स्वतःच चालवत होते, म्हणजे एकाच व्यवहारात ते विकणाऱ्याच्याही आणि घेणाऱ्याच्याही बाजूला होते. संचालक मंडळाने १९९९ मध्ये आचारसंहिता बाजूला ठेवून याला मुभा दिली, हे मला साऱ्या प्रकरणातील सर्वांत गंभीर वाटते, कारण इथे फसवले गेल्याची सबब उरत नाही. लेखापरीक्षण करणाऱ्या आर्थर अँडरसन या संस्थेला २००० मध्ये एनरॉनकडून सुमारे ५.२ कोटी डॉलर मिळाले, त्यांतील निम्म्याहून अधिक सल्लागार सेवांपोटी.

राजकीय बाजू याच काळात घडत होती. वायदेबाजार आयोगाच्या प्रमुख वेंडी ग्रॅम यांच्या कारकिर्दीत, जानेवारी १९९३ मध्ये, ऊर्जेच्या अनेक करारांना देखरेखीतून सूट मिळाली. त्यानंतर काही आठवड्यांतच त्या एनरॉनच्या संचालक मंडळावर आल्या. अधिकाऱ्यांना दिल्या जाणाऱ्या शेअर पर्यायांची, म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे शेअर घेण्याच्या हक्काची, किंमत खर्च म्हणून दाखवावी, असा प्रस्ताव लेखामानक मंडळाने मांडला, तेव्हा १९९४ मध्ये सिनेटने ८८ विरुद्ध ९ मतांनी त्याविरोधात ठराव केला आणि मंडळाला माघार घ्यावी लागली. शेअरचा भाव चढवला की अधिकाऱ्याचा खिसा भरतो आणि नफ्यावर त्याचा ओरखडाही उमटत नाही, ही व्यवस्था त्यामुळे शाबूत राहिली. लेखापरीक्षकांच्या सल्लागारीला आळा घालण्याचा सेकचे अध्यक्ष आर्थर लेविट यांचा २००० मधील प्रयत्न खासदारांच्या दबावाखाली बराच पातळ झाला, आणि त्याच डिसेंबरमध्ये ऊर्जेच्या वायदेव्यवहारांना सूट देणारा कायदा संमत झाला.

या लागेबांध्यांची व्याप्ती दिवाळखोरीनंतर दिसली. अ‍ॅटर्नी जनरल, म्हणजे अमेरिकेच्या न्याय खात्याचे प्रमुख, जॉन अ‍ॅशक्रॉफ्ट यांच्या सिनेट निवडणुकीला एनरॉनकडून पैसा मिळालेला असल्यामुळे त्यांना चौकशीपासून दूर राहावे लागले. तरीही कायदा लगेच बदलला नाही. जून २००२ मध्ये वर्ल्डकॉम या दूरसंचार कंपनीने नेहमीचा खर्च भांडवली, म्हणजे मालमत्तेतील गुंतवणूक, दाखवून ३.८ अब्ज डॉलर दडवल्याचे उघड झाले, त्यानंतर ३० जुलै रोजी सारबेन्स-ऑक्सली कायद्यावर स्वाक्षरी झाली आणि लेखापरीक्षकांच्या बहुतेक सल्लागार सेवांवर बंदी आली. शेअर पर्याय खर्चात धरण्याच्या सक्तीचा नियम यायला मात्र डिसेंबर २००४ उजाडला.