बांधून ठेवलं की आजी पडत नाहीत?

वृद्धाश्रमात रात्री आजी-आजोबांचे हात पलंगाला बांधतात, म्हणजे ते पडून हाड मोडत नाही. हा समज सोलापुरात जुळे सोलापूरपासून होटगी रोडपर्यंत ऐकू येतो. नातेवाईकच तसं सांगून जातात. समज चुकीचा आहे.

बांधल्याने गंभीर इजा कमी होत नाहीत. माणूस सुटायला धडपडतो, उंच कठड्यावरून उलटतो, कधी गळ्याला फास बसतो. पडून राहिल्याने पायातली ताकद जाते, पाठीला जखमा होतात, न्यूमोनियाचा धोका वाढतो. मग सोडल्यावर पडणं आणखी सोपं! अमेरिकेने 1987च्या कायद्याने शिस्तीसाठी किंवा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी असं बांधायला बंदी घातली.

पडण्याची खरी कारणं साधी असतात: रात्री लघवीची घाई, ओली फरशी, झोपेची गोळी, बीपीच्या औषधाने उठताच येणारी चक्कर. सोलापूरच्या उन्हाळ्यात पाणी कमी पडलं तरी तीच चक्कर. म्हणून पलंग खाली हवा, वाटेत दिवा, संडासात धरायला दांडी, झोपण्याआधी लघवीला नेणं. याला माणूस लागतो, आणि खरी गोम तिथेच आहे. रात्री एकाच मावशीवर अख्खा मजला टाकला, तिला उचलायचं-वळवायचं शिकवलंच नाही, की दोरी आठवते.

आश्रम बघायला जाल तेव्हा बाग नंतर बघा. रात्री किती जण जागे असतात, ते आधी विचारा. बांधलेलं दिसलं तर ज्येष्ठांची हेल्पलाइन 14567 आहे, फोन मोफत लागतो.