डस्ट बोल

१९३० च्या दशकात अमेरिकेच्या दक्षिणेकडील गवताळ पठारावर वारंवार आलेली धूळवादळे आणि त्यांनी उजाड केलेला प्रदेश, या दोन्हींना डस्ट बोल म्हणतात. कॅन्ससचा पश्चिम भाग, कोलोरॅडोचा आग्नेय कोपरा, न्यू मेक्सिकोचा ईशान्य भाग आणि टेक्सस व ओक्लाहोमा या राज्यांचे ‘पॅनहँडल’ म्हणून ओळखले जाणारे पट्टे हा त्याचा गाभा होता. एकूण क्षेत्र सुमारे १० कोटी एकर. अवर्षणामुळे हे घडले असे सर्रास म्हटले जाते, पण ते अर्धेच खरे आहे. या पठारावर दुष्काळ पूर्वीही पडत असत; या वेळी माती धरून ठेवणारे गवत जाग्यावर नव्हते.

येथे वर्षाला जेमतेम ५०० मिमी पाऊस पडतो, तोही लहरी. बफेलो ग्रास आणि ब्लू ग्रामा ही बुटकी गवते एवढ्यावर तगत आणि त्यांच्या मुळांच्या दाट जाळ्यामुळे वाऱ्याला माती हलत नसे. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने वसाहतकऱ्याला १६० एकर जमीन मिळे. कोरड्या भागात तेवढ्यावर भागत नाही म्हणून १९०९ मध्ये ही मर्यादा ३२० एकर करण्यात आली आणि पठारावर लोकांची रीघ लागली. जमिनीच्या दलालांनी ‘नांगर चालला की पाऊस मागून येतो’ ही जुनी समजूत खुशाल खपवली.

पहिल्या महायुद्धात युरोपला गहू हवा होता. बुशेलला (सुमारे २७ किलो गव्हाला) २ डॉलरच्या वर भाव गेला. ट्रॅक्टर आणि तव्यांचा नांगर आल्यावर एक माणूस पूर्वीच्या कितीतरी पट जमीन फोडू लागला. हा नांगर झपाट्याने चाले, पण मातीचा भुगा करी आणि धसकटेही वर ठेवत नसे. शहरात राहून फक्त पेरणी-कापणीला येणारे हौशी शेतकरीही यात होते. महामंदीत भाव कोसळला, १९३२ मध्ये बुशेलला सरासरी ३८ सेंटवर आला. कर्जाचे हप्ते थांबत नव्हते, म्हणून शेतकऱ्यांनी आणखी गवत मोडून आणखी गहू पेरला. तोवर पावसाने ओढ दिली होती. पीक उगवले नाही आणि उघडी पडलेली जमीन उडू लागली.

मे १९३४ मधल्या वादळाची धूळ न्यूयॉर्क, वॉशिंग्टनपर्यंत आणि अटलांटिकमधील जहाजांवर पोहोचली. १४ एप्रिल १९३५ चा रविवार ‘काळा रविवार’ म्हणूनच ओळखला जातो. त्या दुपारी उत्तरेकडून काळी भिंत चालून आली आणि भरदिवसा हातभरावरचे दिसेना. ‘डस्ट बोल’ हे नाव त्या वादळानंतर असोसिएटेड प्रेसचा वार्ताहर रॉबर्ट गायगर याच्या बातमीतून रूढ झाले.

घरात बायका खिडक्यांना ओल्या चादरी लावत, ताटे जेवणाच्या वेळेपर्यंत पालथी ठेवत. हवेत स्थिर वीज इतकी साचे की मोटारी बंद पडत. त्यासाठी गाडीमागे जमिनीला टेकणारी साखळी सोडत. फुप्फुसात धूळ जाऊन होणाऱ्या ‘डस्ट न्यूमोनिया’ने लहान मुले व म्हातारी माणसे दगावली. गुरांना रशियन थिसल हे काटेरी तण मीठ लावून घातले जाई. १९३४ मध्ये सरकारने उपाशी जनावरे विकत घेतली. जी खाण्यालायक नव्हती ती गोळ्या घालून पुरली. पावसासाठी कुंपणावर मेलेले साप उलटे टांगण्यापासून आकाशात स्फोटके उडवण्यापर्यंत सगळे करून झाले.

पठारी राज्यांतून या दशकात सुमारे २५ लाख लोक बाहेर पडले, असा अंदाज आहे. कॅलिफोर्नियात त्यांना ‘ओकी’ (ओक्लाहोमावाले) म्हणून हिणवत. १९३६ मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी तर राज्याच्या सीमेवर जाऊन त्यांना अडवले. मात्र कॅलिफोर्नियात पोहोचलेले सगळेच धुळीने हाकललेले नव्हते. त्यांत पूर्व ओक्लाहोमा, आर्कान्सा इत्यादी भागांतील कापूस पिकवणारी कुळे बरीच होती. १९३३ च्या शेती कायद्याने पेरा कमी करण्यासाठी पैसे दिले, ते जमीनमालकांच्या हाती पडले. मालकांनी ट्रॅक्टर घेतले आणि कुळांना काढून टाकले. डस्ट बोलच्या गाभ्यातले बहुसंख्य लोक तर जागा धरून राहिले.

उपायांच्या मागे मृदातज्ज्ञ ह्यू हॅमंड बेनेट याचा रेटा होता. सिनेटच्या समितीपुढे साक्ष देताना धुळीचा लोट वॉशिंग्टनला पोहोचेपर्यंत त्याने बोलणे लांबवले, असे सांगतात. २७ एप्रिल १९३५ रोजी मृदासंधारणाचा कायदा झाला. समतल मशागत, ताली, पट्टापद्धतीने पिके, वाऱ्याला आडवे खोल सरी-वरंबे यांचा प्रसार झाला; नाखूश शेतकऱ्यांना एकरी पैसे देऊन राजी करावे लागले. नॉर्थ डकोटापासून टेक्ससपर्यंत वारा अडवण्यासाठी सुमारे २२ कोटी झाडे लावली गेली. अगदी वाया गेलेली काही जमीन सरकारने विकत घेऊन पुन्हा गवताखाली आणली. कॅन्ससमधील सिमॅरॉन राष्ट्रीय गवताळ प्रदेश त्यातलाच.

१९३९ च्या शरदात पाऊस परतला. दुसऱ्या महायुद्धाने गव्हाचा भाव पुन्हा वर नेला आणि नांगर पुन्हा पडीक जमिनीत घुसले. १९५० च्या दशकातील दुष्काळात माती परत उडाली. त्यानंतर शेती टिकली ती मोठ्या प्रमाणात ओगालाला भूजलसाठ्यावरच्या पंपांमुळे. या साठ्याच्या दक्षिण भागात उपसा पुनर्भरणापेक्षा फार जास्त आहे, आणि काही ठिकाणी शेतकरी पुन्हा कोरडवाहूकडे वळले आहेत.