गोळीने माणूस मागे उडतो?

साताऱ्यात पोवई नाक्यावर चहा घेताना परवा पुन्हा तेच ऐकलं: ".४४ मॅग्नमची गोळी लागली की माणूस चार हात मागे फेकला जातो!" (मॅग्नम म्हणजे रिव्हॉल्व्हरची जास्त ताकदीची गोळी; आकडा म्हणजे बोअर, नळीचा साधारण व्यास इंचात.) हे खरं नाही.

गोळीला जेवढा रेटा पुढे मिळतो, किमान तेवढाच झाडणाऱ्याच्या हाताला मागे बसतो. शिवाय नळीतून सुटणाऱ्या वायूचा रेटा वेगळाच. समोरचा उडत असेल तर झाडणाराही उडायला हवा. हिशेबच करा. गोळी साधारण १५.५ ग्रॅमची, वेग सेकंदाला ४०० मीटरच्या आसपास. हा सगळा रेटा ७० किलोच्या माणसाला मिळाला, तरी वेग भरतो सेकंदाला जेमतेम ९ सेंटिमीटर. माणूस कोसळतो तो जखमेने.

दणका सोसतो तो हात. नळी मुठीच्या वर असल्याने रिव्हॉल्व्हर नुसतं मागे येत नाही, तोंड वर उसळतं. अंगठा आणि तर्जनीमधली कातडी सोलवटते, मनगट ठणकत राहतं. २००३ साली आलेलं .५०० मॅग्नमचं रिव्हॉल्व्हर तर लांब नळीसह जवळपास दोन किलोचं! वजन मुद्दाम ठेवलेलं, धक्का सुसह्य व्हावा म्हणून.

आपल्याकडे परवान्यावर साधारणपणे .३२ बोअरचंच मिळतं. तरी पोरांना ओढ त्या अजस्र नळीचीच. ती मी समजू शकतो.