सशाला पाणी पाजलं की तो मरतो?

नाही. उलट, पाणी तोडल्याने तो आजारी पडतो. हिरवा पाला भरपूर असला की ससा पाणी कमी पितो, त्यावरून हा समज पसरला असावा. सडक्या पाल्याने लागलेल्या जुलाबाचं खापरही पाण्यावरच फुटतं.

दिवसाला किलोमागे साधारण 50 ते 150 मिलि पाणी लागतं. सुकं गवत आणि उन्हाळा असेल तर जास्तच. पिंजऱ्याला टांगायच्या बाटलीच्या नळीतली धातूची गोळी अडकते आणि बाटली भरलेलीच दिसते, म्हणून जड मातीचं भांडं बरं.

पाणी कमी पडलं की आतड्यातलं अन्न सुकून हालचाल मंदावते. लेंड्या आधी बारीक, कडक होतात, मग थांबतात. रक्ताच्या रिपोर्टात युरिया-क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते ते टाकाऊ घटक) वाढलेलं दिसतं आणि घरात किडनी गेल्याची रडारड सुरू होते. थांबा. शरीर कोरडं पडल्यानेही हे आकडे चढतात. दोन्हींतला फरक कळायला लघवीची घनता तपासली का, हे डॉक्टरांना विचारा. सलाईननंतर रक्त पुन्हा तपासून घ्या. रक्तातलं कॅल्शियम 13-14 मिग्रॅ/डेसिलि आलं तर लॅबने सशाऐवजी कुत्र्याची नॉर्मल मर्यादा छापली नाही ना, तेही पाहा. सशात ते मुळातच जास्त असतं आणि लघवीवाटे जातं. म्हणूनच लघवी पांढरट, गढूळ दिसते. ती पेस्टसारखी घट्ट झाली तर मात्र दाखवायला हवं.

दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. 2 किलोच्या सशाचं 100 ग्रॅम घटलं तर डॉक्टरांना कळवा. 10-12 तास खाणं किंवा लेंड्या बंद असतील तर सकाळची वाट पाहू नका. आणि सिरिंजने तोंडात पाणी जोरात सोडू नका, ते फुप्फुसात जातं.