शनिवारची मॅच मालिकेच्याच वेळेत का येते?

घरात टीव्ही एकच. शनिवारी त्यावर मालिका लावायची की इंग्लंडच्या प्रीमियर लीगची, म्हणजे तिथल्या सर्वोच्च फुटबॉल स्पर्धेची मॅच, हा तंटा उपग्रह वाहिन्यांसोबत आला, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याची वेळ मात्र कितीतरी आधी इंग्लंडमध्ये ठरून गेली होती.

1850 च्या कारखाना कायद्याने तिथल्या कापड गिरण्यांत स्त्रिया आणि किशोरवयीन कामगारांचे शनिवारचे काम दुपारी 2 ला थांबवले. पुढे पुरुषांनाही अर्धी सुटी मिळत गेली. गिरणी सुटल्यावर मैदान गाठायला सोयीचे म्हणून फुटबॉलच्या मॅचसाठी दुपारी 3 ची वेळ रुळली.

खरा वाद आहे 1960 च्या दशकातल्या निर्णयाचा. लँकेशायरमधल्या एका क्लबच्या अध्यक्षांनी लावून धरले, की बड्या संघांची मॅच घरबसल्या दिसू लागली तर खालच्या श्रेणीच्या स्पर्धांत खेळणाऱ्या क्लबांचे तिकीट कोण काढणार? त्यातून मोजके अपवाद सोडून ब्रिटनमध्ये शनिवारी दुपारी 2.45 ते 5.15 या वेळेत फुटबॉलचे थेट प्रक्षेपण बंद झाले. लहान गावांतले क्लब गेटच्या पैशांवरच तगतात, त्यामुळे ही भीती खोटी म्हणता येत नाही. पण ज्याला तिकीट परवडत नाही किंवा मिळतच नाही, अशा चाहत्याने काय करायचे, याचे समाधानकारक उत्तर आजवर कोणी दिलेले नाही. पोर्ट्समथमधल्या एका पबच्या मालकिणीने ग्रीसचे डिकोडर कार्ड (तिथल्या सशुल्क वाहिन्या दिसण्यासाठीचे कार्ड) लावून मॅच दाखवल्या आणि प्रकरण थेट युरोपच्या न्यायालयात गेले. 2011 मध्ये परदेशी कार्डांवरची सरसकट मनाई युरोपीय कायद्याविरुद्ध ठरली, तरी शनिवारची बंदी हलली नाही. 2020 मध्ये कोरोनामुळे मैदाने रिकामी झाली तेव्हा ती उठवली गेली. प्रेक्षक परतले तशी तीही परतली. 2025-26 पासून ब्रिटनमध्ये प्रीमियर लीगच्या हंगामातले किमान 267 सामने थेट दिसतात. एकूण सामने 380. लिव्हरपूलच्या माणसाला जी मॅच दिसत नाही ती सांगलीच्या मुलाला दिसते, हा अन्यायच आहे.

आता आपल्याकडचे. तिथले दुपारचे 3 म्हणजे इथले संध्याकाळचे 7.30. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळे मागे जातात आणि मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत तीच मॅच 8.30 ला लागते. म्हणजे हंगामाच्या मध्यावर भांडणातली मालिकाच बदलते. 2000 नंतर डेली सोपचा जम बसला तेव्हा त्या बहुतेक सोमवार ते शुक्रवार असत आणि शनिवार मोकळा होता. मग ‘सोम ते शनि’ आले, रविवारी महाएपिसोड आले. ही गर्दी वाहिन्यांनी वाढवली, प्रेक्षकांनी मागितली नव्हती. 7.30 च्या मॅचचा मध्यंतर साधारण सव्वाआठला होतो, नेमका 8 च्या मालिकेच्या मध्यावर. त्यामुळे ‘जाहिराती लागल्या की मॅच लाव’ हा तह फार टिकत नाही.

2020 च्या मार्चमध्ये दोन्ही एकदमच थांबले. जूनच्या मध्यावर फुटबॉल परतला, मालिकांचे नवे भाग त्यानंतर आले. 2021 च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात चित्रीकरण पुन्हा बंद झाले. काही मराठी मालिकांनी गोवा गाठले, पण मे महिन्यात तिथेही परवानगी थांबली.

आता बहुतेक घरांत मालिका टीव्हीवर आणि मॅच मोबाइलवर चालते. ब्रिटनमधला सध्याचा प्रक्षेपण करार 2028-29 च्या हंगामापर्यंतचा आहे आणि शनिवारची ती अडीच तासांची बंदी त्यातही कायम आहे.